विटाळ न पाळणारं घर

विद्याश्रीच्या घरात विटाळ पाळत नाहीत. लिंगायतांचं घर. पाळी आली तरी बाई स्वयंपाक करते, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करते. नेसरी गावात तिच्या माहेरीही तसंच होतं. लग्न होऊन ती कोल्हापुरात आली तेव्हा शेजारची निशिगंधा म्हणाली, "मजा हाय बाई तुझी. आमच्यात अजून बाजूला बसवत्यात. सगळ्या गल्लीला कळतंय."

विद्याश्रीचं कुणालाच कळायचं नाही. लक्ष्मीपुरीत बसवेशचं, तिच्या नवऱ्याचं, धान्याचं दुकान. ती गल्ल्यावर बसायची. त्या दिवसांत गडद साडी नेसायची, पॅडखाली जुन्या लुगड्याची घडी ठेवायची. कळ आली की ज्वारीच्या पोत्याला टेकून उभी राहायची. आठवडा उलटला तरी रक्त थांबायचं नाही. सगळ्या बायकांचं असंच असणार, असं तिला वाटायचं.

दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडलं. पहिल्यांदा सासूबाई, गौराबाई, म्हणाल्या, "पडतंय एखादं." दुसऱ्यांदा त्या उठल्या. पायात चपला सरकवल्या आणि सुनेला घेऊन दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाळीत किती दिवस जातं?"

"चार," गौराबाई म्हणाल्या.

"बारा," विद्याश्री म्हणाली. "कधी पंधरा."

गौराबाई खुर्चीतच वळल्या. "पंधरा? आणि एका घरात राहून मला पत्ता न्हाई?"

"तुम्ही कधी विचारलं न्हाई, आत्ती."

"तू तरी सांगायचंस की! तोंडात काय गूळ धरलावतास?"

डॉक्टरबाईंनी दोघींना थांबवलं. सोनोग्राफीचा पडदा वळवून दाखवला. "याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात. गर्भपिशवीचं आतलं अस्तर हिच्या पिशवीच्या भिंतीत शिरलंय. दर महिन्याला तिथंही सूज येते, रक्त धरतं. त्यामुळं पिशवी जाड झाली, रक्त जास्त जातं, दुखतं. गर्भ रुजायला अवघड जातं, रुजला तर टिकायला."

"म्हंजे पोर होणार न्हाई?" गौराबाईंनी सरळ विचारलं.

"असं नाही. अशा कितीतरी बायकांना होतं. पण टिकेलच असं मी लिहून देणार नाही."

काही महिने इंजेक्शनं देऊन पाळी बंद ठेवली. पिशवी थोडी आकसली. विद्याश्रीला त्या काळात अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं. ती गल्ल्यावरच पुठ्ठ्यानं वारा घ्यायची. मग दोघांचं बीज घेऊन प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ पिशवीत ठेवला. पहिला रुजला नाही. त्या दिवशी बसवेशनं दुकान उघडलं, पण गिऱ्हाइकांना दुसऱ्याच डाळी देत बसला. दुसरा रुजला.

तिसरा महिना गेला तेव्हा घरात कुणी ते बोलून दाखवलं नाही. पाचव्यात थोडं रक्त दिसलं. विद्याश्रीनं तशीच हाक मारली, "आत्ती, लाल दिसतंय." लगेच दवाखाना गाठला. बाळ हलत होतं. लवकर सुटका होऊ शकते, असं डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं. आठव्या महिन्यात पाणी गेलं, रक्तही जायला लागलं. ताबडतोब ऑपरेशन ठरलं.

कमरेखाली विद्याश्रीला काही कळत नव्हतं. समोर हिरवं कापड. तिनं श्वास धरला होता. मग बारीक आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. तिला वाटलं भास झाला. परत आला. तिनं श्वास सोडला.

बाहेर गौराबाई दार बडवत होत्या. "रडलं का न्हाई? कुणी सांगशीला का न्हाई?"

नर्सनं दार किलकिलं केलं. "मुलगी आहे. रडतीय की, आज्जी. वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवायला लागेल. तुम्ही ओरडायचं थांबा, म्हणजे ऐकू येईल."

गौराबाईंनी दारावरचा हात खाली घेतला. दाराला कान लावून उभ्या राहिल्या.