फुटलेल्या जात्याची घरघर

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो. निम्मे वाचून हसू येतं, हे आधीच कबूल करतो. अंगात येणं, भास, चकवा... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं, आवाज कसा निर्माण होतो हे फळ्यावर काढून दाखवलं. आणि तरीही एका आवाजाचा हिशोब मला आजवर लागलेला नाही. वय नव्वदीला टेकलंय, म्हणून म्हटलं एकदा लिहून मोकळं व्हावं.

हैदराबाद संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी परभणीत नुकताच मॅट्रिक होऊन नोकरीच्या शोधात होतो. त्या वर्षी भादव्यात गोदावरीला भयंकर पूर आला. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. ताडकळसच्या दक्षिणेला, अगदी काठावर, कान्हेवाडी म्हणून लहानसं गाव होतं. गंगा सबंध गावातून फिरून गेली. परभणीच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, व्यापाऱ्यांनी ज्वारीची पोती दिली, आम्ही काही पोरांनी बैलगाड्या जमवल्या आणि निघालो.

आमच्या गाडीवर किसन नावाचा मोंढ्यातला हमाल होता. तो कान्हेवाडीचाच. वाटेत काळ्या चिखलात चाकं रुतली की सगळ्यात आधी तो खाली उडी मारायचा. मी विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"कोण न्हाई. माय गेल्या साली वारली. रुक्मीण, माझी बायको, म्हयनाभर झालं जिंतूरकडं माहेराला गेलीय. नशीब म्हणायचं मास्तर, न्हाईतर आज माझा जीव थाऱ्यावर ऱ्हायला नसता." मी तेव्हा मास्तर नव्हतो. चष्मा होता म्हणून तो मला मास्तर म्हणायचा.

गाव पाहिलं आणि आम्ही गाड्यांवरून खाली उतरलो. मातीची घरं पुरात टिकतात, पण पाणी ओसरताना बसतात. एकेक माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आडवं झालं होतं. गल्ली कुठली, घर कुठलं, काही कळत नव्हतं. सगळा गाव वरच्या अंगाला दर्ग्याच्या माळावर गोळा झाला होता. तिथल्या मुजावर चाचांनी दर्ग्याच्या ओवऱ्या बाळंतिणींना आणि म्हाताऱ्यांना दिल्या होत्या, आणि स्वतः बाहेर पोतं पांघरून बसायचे. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांपासून गावातली काही माणसं चाचांशी बोलत नव्हती म्हणे. आता त्यांच्याच अंगणात सगळ्या गावाची एक चूल पेटली होती.

त्या चुलीची मालकीण धोंडाबाई. पन्नाशीची, आवाज खणखणीत. आमची पोती पाहून बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या, आणि धोंडाबाईनं पोत्यात हात घालून ज्वारी वर काढली.

"लय बेस केलंत दादा. पण ही दळायची कशावर? गावातली सगळी जाती गाळात गेल्यात की."

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! गिरणी दूर, आणि तिकडचा रस्ता पाण्याखाली. मग ज्वारी शिजवून नुसत्या घुगऱ्या खायला सुरुवात झाली. मोठी माणसं खात होती, पण लहान पोरांना त्या पचेनात. पोरं हगवणीनं मलूल पडली. विहिरी गाळानं भरलेल्या, म्हणून वाळूत झिरे खणून पाणी आणायचं, उकळायचं. धोंडाबाईचा जीव खालीवर होत होता. "पोरांला पिठाची पेज पायजे," एवढंच ती म्हणत राहायची.

दुसऱ्या दिवशी ठरलं की काहीही करून जातं हुडकायचं. फावडी मोजकीच होती. पाटलाच्या वाड्यात दोन जाती होती हे सगळ्यांना ठाऊक, तेव्हा तिथंच खणायचं. भर दुपारची वेळ, ऊन कडक पडलेलं, चिखलाला वाफ येत होती. धोंडाबाई पुढे, मागे मी, किसन, चाचा आणि आणखी चार-पाच गडी.

उतरणीला लागलो आणि मला जातं ऐकू आलं.

चांगलं स्पष्ट. घर्रर्र... घर्रर्र... आणि प्रत्येक फेऱ्याला मध्येच एक 'खट्ट'. मला तर आनंदच झाला! वाटलं, आपल्या आधी कुणाला तरी जातं सापडलं आणि दळायलाही बसलं.

चाचा थांबले. "चक्की की आवाज आरी ना?"

"हो, येतोय की!" मी म्हणालो.

पण धोंडाबाईचा चेहरा उतरला होता. ती तशीच चालत गेली, गल्लीच्या टोकाला, एका ढिगाऱ्यापाशी. आम्ही मागोमाग. आवाज त्या ढिगाऱ्यातून येत होता. वर कुणी नाही, आजूबाजूला कुणी नाही. ओल्या मातीतून बाहेर आलेली एक तुळई, बस्स.

"किसन, तुझं घर हाय हे," धोंडाबाई म्हणाली. "आन् हे गयाक्काचं जातं. तुझ्या मायसंगं बसून इतके वर्ष दळलंय मी. त्याचा टवका उडला व्हता, तवापासून असंच खट्ट वाजायचं. ओळखू येईना का तुला?"

किसननं कान दिला. मग आमच्याकडे पाहिलं. "मला तर काय बी ऐकू येईना."

"अरे, असं कसं..."

"न्हाई येत म्हणलं ना!" तो एकदम चिडला. "माझ्या मेल्या मायची थट्टा लावली का? आमच्या घरात जातंच न्हाई. ती गेली त्याच म्हयन्यात वरचा दगड फुटला. दोन तुकडे मी सोताच्या हातानं नेऊन वढ्यात टाकलेत. खालचा दगड तेवढा पडलाय. काय वाजंल त्याच्यावर?"

 आणि त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच... घर्रर्र, घर्रर्र, खट्ट. बाकीच्या गड्यांपैकी एकाला ऐकू येत होतं, इतरांना नाही. मी स्वतःला समजावलं – लाकूड वाळताना करकरतं, मातीच्या पोकळीत पाणी गुळगुळतं. कारण काहीतरी असणारच. मी म्हणालोही, "इथं वेळ घालवण्यापेक्षा पाटलाकडे खणू. पोरं उपाशी आहेत."

चाचांनी वाद घातला नाही. हातातलं फावडं मातीत घातलं आणि खणायला लागले. साठीचा माणूस. धोंडाबाईनं पदर खोचला आणि हातांनी माती ओढायला बसली. मग आमचे पाय कसे निघणार? किसन सुद्धा पुटपुटत का होईना, आला.

पहिलं फावडं पडलं आणि आवाज थांबला. पुन्हा आला नाही.

घामानं निथळेपर्यंत खणलं. तुळई दिसायला लागली. तिचं एक टोक चुलीच्या ओट्यावर टेकलं होतं, आणि खाली जेमतेम माणूस मावेल एवढी पोकळी राहिली होती. किसननं आत हात घातला... आणि विजेचा झटका बसावा तसा मागे आला.

"कुणीतरी हाय."

मग कुणी फावडं वापरलं नाही. सगळ्यांनी हातांनी माती काढली. आधी हिरव्या बांगड्यांचा हात दिसला. बोटं हलत होती.

ती रुक्मीण होती.

किसन तिथंच मातीत बसला.  चाचांनी आणि मी तिला ओढून बाहेर काढलं. ओठ फुटलेले, एक पाय सुजलेला, पण श्वास चालू. धोंडाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चिंधी भिजवून थेंब थेंब पाणी पाजलं. थोड्या वेळानं रुक्मिणीनं डोळे उघडले आणि नवऱ्याला बघून म्हणाली, "तुमी कवा आलात?"

आम्ही सगळे एकदम रडायला आणि हसायला लागलो.

मागाहून तिनं सांगितलं ते असं. पाऊस लागून राहिला म्हणून माळवद गळतंय का बघायला ती एकटीच परत आली होती. दिवेलागणीला पोचली, कुणाच्या नजरेला पडली नाही. त्याच रात्री पाणी चढलं तशी माळवदावर चढली. हाका मारून घसा बसला, पण पावसात कुणाला ऐकू जाणार? पाणी उतरल्यावर खाली आली आणि भिंत बसली. ती माहेरी आहे असंच गाव धरून चालला होता. तिला शोधायला त्या ढिगाऱ्याकडे कुणीही, कधीही गेलं नसतं. नवरासुद्धा नाही.

मी तिला विचारलं, "आत जात्याचा आवाज येत होता का?"

"न्हाई बा," ती म्हणाली. "लय सुनं व्हतं आत. काय म्हंजे काय ऐकू येत नव्हतं."

खालचा दगड आम्हाला सापडला. जमिनीत पक्का रोवलेला, वर हातभर चिखल साचलेला. वरचा दगड नव्हताच.

त्याच दिवशी सांजेला पाटलाच्या वाड्यातली जाती निघाली. ती माळावर आणून धुतली, आणि बायकांनी पाळीपाळीनं दळायला घेतलं. कोण कुणाच्या शेजारी बसलंय हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही. पोरांना पेज मिळाली. पीठ उरलं त्याच्या भाकरी झाल्या, आणि पहिली भाकरी धोंडाबाईनं चाचांच्या हातावर ठेवली.

मी दोन दिवसांसाठी गेलो होतो, तो तिथंच राहिलो. पुढे माळावर नवं गावठाण झालं आणि झाडाखाली शाळा भरली, तिचा मी खराच मास्तर झालो. पुरानं आणलेल्या गाळात त्या साली रब्बीची ज्वारी अशी आली की कणसं वाकून गेली. रुक्मीण लंगडत का होईना, पण घरोघरी जाऊन नव्या कुडाच्या भिंती लिंपायची. मातीच्या माळवदाखाली मात्र ती पुन्हा कधी झोपली नाही.

लाकडाचं करकरणं, पाण्याचं गुळगुळणं, उपाशी डोक्याचे खेळ – सगळी कारणं मी लावून पाहिली. एकही पुरतं बसत नाही. लाकडाला त्या टवक्याचा 'खट्ट' कुठून माहीत? आणि मला तरी? मी ते जातं कधी ऐकलेलंच नव्हतं.

किसन मात्र अधूनमधून शाळेकडे यायचा. पोरं घरी गेली की पारावर बसायचा, तंबाखू मळायचा आणि हळूच म्हणायचा, "मास्तर, तो आवाज काढून दाखवा की एकदा."

मी तोंडानं काढून दाखवायचो. घर्रर्र... घर्रर्र... खट्ट. तो डोळे मिटून ऐकायचा.

"मायचंच," म्हणायचा.  एकदा त्यानं विचारलं, "तुमी परके, तुमाला ऐकू आलं. मला का न्हाई आलं?"

मी त्याला तो आवाज पुन्हा एकदा काढून दाखवला.