पेटी थांबेपर्यंत

आधीच सांगते, आमचं घर बौद्ध. भूत, देवचार, नवस, अंगारा यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. वर्गातही मी पोरांना सारखी विचारत असते, "पुरावा काय?" त्यामुळे इथे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण माझी मुलगी ज्या गोष्टीमुळे वाचली, तिचा पुरावा माझ्याकडे नाही. वाचा आणि तुम्हीच ठरवा.

रत्नागिरीत वरच्या अंगाला जांभ्या दगडाचं आमचं छोटंसं ख्रिस्ती कॉलेज आहे. मी तिथे इतिहास शिकवते आणि माझी श्रेया तिथेच शिकते. एका पाद्रीसाहेबांनी आणि त्यांच्या बायकोने – तिला सगळे अजून मडमच म्हणतात – शाळा म्हणून सुरू केलं, पुढे त्याचं कॉलेज झालं. ख्रिस्ती विद्यार्थी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी गावागावांतून एसटीने येणारी शेतकऱ्यांची पोरं, मिरकरवाडा बंदरावरची मच्छीमारांची पोरं. तरी सकाळची प्रार्थना सगळ्यांना असते आणि कुणाची तक्रार नसते.

मडमने मुंबईहून बोटीने एक पायपेटी आणली होती, पायाने भाता मारून वाजवायची. शेवटचं गीत सुरू झालं की पोरं दाराकडे धूम ठोकायची, म्हणून तिने नियम घातला – पेटी थांबेपर्यंत डोळे मिटून बसायचं, कुणी उठायचं नाही. मडम गेली, नियम राहिला.

गेल्या पावसाळ्यानंतर तपासणीसाठी कमिटी येणार होती. कॉलेजचा इतिहास सांगणारं प्रदर्शन माझ्या गळ्यात पडलं. प्रार्थनागृहासमोरचं अंगण ओलांडलं की जुना कौलारू हॉल. तिथे मी भिंतभर फोटो लावले. प्रार्थना संपली की श्रेया आणि तिच्या वर्गातली पोरं थेट हॉलमध्ये जाऊन फोटोंपाशी उभी राहणार, असं ठरलं होतं. त्या सकाळी कमिटीची गाडी हातखंब्याला पोचल्याचा फोन आला आणि माझी घालमेल सुरू झाली.

मी प्रार्थनागृहाच्या दारात उभी. आमचे पीटर सर पेटी वाजवतात. शेवटचं गीत संपलं... आणि पुन्हा सुरू झालं. तेच गीत, पहिल्यापासून, अगदी सावकाश. मनात म्हटलं, सरांना आजच रंग चढायचा होता! श्रेया दाराजवळच बसली होती. मी हाताने "ऊठ, ऊठ" अशा खुणा करतेय आणि ही कार्टी डोळे घट्ट मिटून बसलेली. घरी आईचा एक शब्द ऐकत नाही, इथे मात्र मडमची आज्ञा पाळतेय! शेवटी सरांनाच खूण करावी म्हणून मी पेटीकडे पाहिलं.

पेटीपाशी कुणीच नव्हतं.

पीटर सर बाजूला भिंतीजवळ उभे होते, हात जोडून, डोळे मिटून. बाक रिकामा होता. पेटीच्या पट्ट्या मात्र खालीवर होत होत्या.

माझ्या तोंडून आवाज फुटायच्या आत मागे अंगणापलीकडे कडाकड मोडल्याचा आवाज झाला. वळून पाहते तर हॉलचं छप्पर खाली येत होतं – आढं, वासे, कौलं, सगळं. लाल धुळीत काही दिसेना. पुन्हा आत पाहिलं तेव्हा पेटी बंद होती आणि पोरं डोळे उघडत होती. मी धावत जाऊन श्रेयाला मिठी मारली.

"आई, अगं सगळे बघतायत!"

"बघू देत!" मी म्हटलं, आणि ढसाढसा रडले.

छप्पर पडण्यात अमानवीय काही नाही. आढ्याला आतून वाळवी लागली होती. पण पेटी? पीटर सर म्हणाले, "मी संपवून बाजूला झालो, हात जोडून डोळे मिटले, तोच परत सूर ऐकू आले. वाटलं, रूथ बसली असेल. गीत चालू असताना डोळे कसे उघडणार?" रूथ त्यांच्याकडे पेटी शिकते. ती म्हणाली, "मला वाटलं सरच वाजवतायत." अख्खं कॉलेज डोळे मिटून एकमेकांच्या भरवशावर बसलेलं! फिजिक्सचे सर म्हणाले की भात्यात हवा उरते. मग त्यांनीच करून पाहिलं, तर पेटीने एक सुस्कारा टाकला आणि गप्प झाली. आमचे शिपाई गोपाळमामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, राखणदार हाय तो. त्येचा नाव इचारू नये."

कमिटीला त्या दिवशी चहा देऊन परत पाठवलं. नंतर ते पुन्हा आले, सगळं नीट पार पडलं.

माझे मिस्टर नोकरीला मुंबईत असतात. छप्पर पडलं त्याच दुपारी घरी येऊन त्यांना फोन केला. छप्पर पडलं म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "श्रेया?"

"जेवतेय. दुसऱ्यांदा भात घेतलाय," मी म्हटलं. मग पेटीचं सांगितलं. मला वाटलं, हसतील. हसले नाहीत.

"जो कोण वाजवत होता ना," ते म्हणाले, "त्याला माझा जय भीम सांग."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर सगळे जाईपर्यंत मी थांबले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्या रिकाम्या बाकासमोर उभी राहिले, हात जोडले आणि निरोप पोचवला. कुणाला पोचवला, ते मला आजही सांगता येत नाही.