लाल-काळ्या कॅप्सूलची पुडी

"आ करा," मी म्हटलं.

इक्बालभाईंनी तोंड उघडलं. जीभ, टाळू, गालांची आतली बाजू, सगळीकडे पांढरा थर. दही खाऊन चूळ भरायची राहिल्यासारखा.

इक्बालभाई आखातात ट्रक चालवायचे. सुट्टी संपत आलेली, पंधरा दिवसांवर नोकरीची मेडिकल तपासणी.

"भात पण नाय गिळवत, डॉक्टर. आग होते."

"असा तोंड दाखवला तर मेडिकलवाले पास करतील काय?" त्यांची बायको जुबेदा म्हणाली. "नोकरी जाईल ना!"

तोंडात एवढी बुरशी दिसली की डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा दोन शंका येतात. एक, डायबेटिस. दुसरी, एचआयव्ही, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच खचलेली. मी गंभीर चेहरा करून दोन्ही टेस्ट लिहिल्या. औषधांपेक्षा चेहरा मला जास्त चांगला जमतो. बिचारी दोघं तीन दिवस धड जेवली नाहीत.

दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. मग मी चिडलो.

"मधे औषधं काय घेतलीत?"

"सर्दीला घेतली. मग खोकल्याला. मग परत सर्दीला. दरवेळी लाल-काळी कॅप्सूल."

"साध्या सर्दीला अँटिबायोटिक? तेही तीनदा? कोण हा गाढव डॉक्टर?"

जुबेदानं पर्समधून उरलेल्या कॅप्सूलची पुडी काढून टेबलावर ठेवली. तेव्हा आम्ही सुट्या गोळ्या कागदात बांधून द्यायचो, औषधाचं नाव नाही, काही नाही. हा कागद माझ्याच जुन्या लेटरहेडचा होता. वाया जाऊ नये म्हणून कंपाउंडरला ती सवय मीच लावली होती.

"नाव वाचून दाखवू काय?" जुबेदानं विचारलं.

"नको. डिग्रीसकट पाठ आहे मला."

इक्बालभाई इतके हसले की आग होते हे विसरले.

मग मी खुर्ची पुढे ओढून त्यांना समजावलं. बुरशी आपल्या सगळ्यांच्या तोंडात, आतड्यात थोडी असतेच. तिथले चांगले बॅक्टेरिया जागा अडवून बसतात, तिला पसरू देत नाहीत. शिवाय शरीराच्या पहारेकरी पेशींनाही ते जागं ठेवतात. माझ्या कॅप्सूलनी सर्दीचं काहीच बिघडवलं नाही, कारण सर्दी व्हायरसची. मेले ते हे बॅक्टेरिया. रान मोकळं, पहारा ढिला, बुरशीची चैन.

"म्हणजे घरची माणसा हाकलून चोराला जागा दिलीत," जुबेदा म्हणाली. कॉलेजात मला हे इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

कॅप्सूल बंद केल्या. बुरशीवरचं औषध तोंडात लावायला दिलं. दहा दिवसांत जीभ गुलाबी झाली. इक्बालभाई मेडिकल पास होऊन गेले. जाताना दोघांनी खजुराचा डबा दिला, तो मी लाज न बाळगता घेतला.

जवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांतले कामगार अजून येतात. उद्या शिफ्ट आहे, स्ट्राँग काहीतरी द्या म्हणतात. सर्दी असेल तर मी वाफ घ्या, पाणी प्या सांगतो. निम्मे रागावून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. उरलेले आठवड्यात आपोआप बरे होतात आणि माझ्या हाताला गुण आहे असं गावभर सांगतात.