मेरी किसमिस

माझा थोरला भाऊ लग्नानंतर तीन महिन्यांनी लष्करात मोटारी हाकायला गेला. लढाई सुरू होती, आणि कारंज्याबाहेरच्या आमच्या मळ्यात वांगी-मेथीपलीकडे जगाची खबर कोणाला नव्हती. त्याची पत्रं वडिलांच्या नावानं येत. शेवट ठरलेला: थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, बाकी सर्वांस यथायोग्य. बायकोला वेगळं लिहिणं म्हणजे आमच्याकडे निर्लज्जपणाच. त्या 'यथायोग्य'त वहिनीनं स्वतःला शोधायचं. तिला दुसरं काही नको होतं. त्याचा एक शब्द हवा होता, फक्त तिच्यासाठी लिहिलेला. हे ती मला सांगे, कारण मी बारा वर्षांची होते आणि माझ्या पोटात गोष्ट राहते असा तिचा गैरसमज होता.

एका हिवाळ्यात पत्राऐवजी जाडसर चित्राचं कार्ड आलं. उंट, खजुराचं झाड, वर भला मोठा तारा. खाली इंग्रजी छापलेलं आणि त्याखाली दादाचं मराठीत नुसतं नाव. आमचा पोस्टमन पत्ते वाचण्यापुरतं इंग्रजी शिकलेला. त्यानं अक्षरं जुळवली, "मेरी... किसमिस." मग स्वतःच हसला. "अरे, ये तो बहू के लिए है!"

वडील खाकरून विहिरीकडे निघून गेले. आई म्हणाली, "बापा, घुम्याले वाचा फुटली!" वहिनी पदरात तोंड लपवून मेथीच्या वाफ्यात जाऊन बसली, आणि त्या दिवशी मेथी सोडून तिनं काय काय उपटलं ते तिलाच ठाऊक. मी तर चेकाळलेच. मळाभर तिला 'किसमिस, किसमिस' हाका मारत सुटले. आईसुद्धा म्हणे, "अवो किसमिस, चुलीकडं पाहाय." वहिनी वरवर चिडे. पण एके दिवशी मी हाक मारायची विसरले, तर तिचं तोंड एवढंसं झालं.

पुढच्या वर्षी गावात तंबूतला बोलपट आला. ती नको म्हणत होती, मीच हट्ट धरला. त्यात एका हॉटेलातला नाताळ होता. बँड वाजत होता, आणि एक हॅटवाला म्हातारा दारात उभा राहून येईल त्याला एकच म्हणत होता, 'मेरी ख्रिसमस'. पाहुण्यांना, आचाऱ्याला, टांगेवाल्याला, सगळ्यांना तेच. मग सगळ्यांनी मिळून त्याच दोन शब्दांचं गाणं म्हटलं. मागच्या रांगेत कोणी जाणता शेजाऱ्याला सांगत होता, "त्याइच्या सणाचा रामराम हाये तो."

वहिनीकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "म्हंजे त्याइनं मले काईच लेहलं नाई."

"नाव तं लेहलं ना."

"नाव घराले लेहलं व."

घरी कोणाला सांगू नको, एवढंच ती पुढे बोलली. मी तिला त्या नावानं हाक मारणं सोडलं. आई हाका मारत राहिली आणि ती ओ देत राहिली. तिचं ते ओ देणं मला ऐकवत नसे. तो खेळ आम्ही पाहिला नसता तर कोणाचं काय बिघडलं असतं, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर दादाचं पत्र आलं नाही. सरकारी कागद आला. त्याचं तेरावं झालं. मग एका दुपारी भिंतीला टेकून बसल्या बसल्या ती वहिनीला म्हणाली, "तुले तं त्यानं येक शबुद धाडला. म्या जल्म देला, मले काय धाडलं?" सुनेवर ती चिडली नव्हती. तिला हेवा वाटत होता.

वहिनी सासूजवळ सरकली. तिला ती मामी म्हणे. "मामी, तो शबुद माह्या येकटीचा नोहता. तिकडं सणाले समद्याइले तसंच म्हंतेत. तो तुमालेई होता."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "खरं काय व?"

"खरं हाये, माय," मी म्हटलं.

"मंग म्हनून दाखव," आई वहिनीला म्हणाली. "तो म्हनला असता तसं."

इतके दिवस वहिनी ते त्याच्या तोंडून ऐकायची वाट पाहत होती. आता त्याच्या जागी बसून तिनंच ते आईला म्हटलं.