गृहदुरुस्ती

नवरा हरिचंद्र गेल्यापासून वेणूला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. भाजीत मीठ विसरलं तरी ती तशीच खायची. नदीचं पाणी शेजारच्या मांजर्लीत शिरलं आणि अर्धं हेंद्रेपाडा गाव बघायला धावलं, तेव्हाही ही आपली ओट्यावर बसून. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन उल्हासनगरच्या कॅम्पात फिरणारी, रुपयासाठी सिंधी शेठाणींशी तास तास हुज्जत घालणारी वेणू ती हीच, हे सांगून कुणाला पटलं नसतं.

शेवटचं शेत इमारतीखाली गेलं, तेव्हा हरिचंद्रने आलेल्या पैशांची ठेव गावच्या सहकारी बँकेत एकट्या वेणूच्या नावावर ठेवली होती. “पोरापुढं हात पसराची पाली येव नको तुझ्यावर,” एवढंच म्हणाला होता.

तो गेल्यावर मग एक फोन येऊ लागला. रोज सकाळी दहाला. बोलणारा स्वतःला पोलीस खात्यातला साहेब म्हणवायचा. हरिचंद्रच्या आधार कार्डावर कुणी काळा धंदा केलाय, ठेव मोडून पैसे सरकारी खात्यात तपासायला पाठवा, कुणाजवळ बोललात तर मुलाला अटक होईल. असल्या थापा. पण मेल्याची सुरुवात रोज एकच असे: “माई, जेवलात का?”

वेणू घाबरली होती असंही नाही. घाबरायलासुद्धा अंगात जीव लागतो. दहा वाजत आले की ती फोन जवळ घेऊन बसे आणि सांगे, “जेवले.” साहेबाने बँकेत जायला सांगितलं, ती गेली.

काउंटरवर नेत्रा होती, गावातलीच सून.

“एवढे पैसे कशाला लागले, काकी?”

“गृहदुरुस्ती,” वेणू म्हणाली.

नेत्राचा हात थांबला. ही बाई इतकी वर्षं पैसे काढायला यायची ती ‘घराचा काम कराचाय’ म्हणून. तिने वेणूला आतल्या खोलीत नेऊन बसवलं, पाणी दिलं.

“काकी, हा शब्द तुमचा नाही. कुणी शिकवला?”

वेणूने फोन पुढे केला. मग नेत्राने तिला सगळं समजावलं, ठेव तशीच राहू दिली, तक्रार नोंदवली आणि तो नंबर ब्लॉक केला.

“मुलाला कळवू का, अल्पेशला?”

“नको. माझा बँकेचा बुक घेऊन जाईल तो.”

“खातं तुमचं आहे, काकी. आमच्या तोंडून कुणाला काही कळणार नाही.”

वेणूला रडू यायला हवं होतं, निदान राग तरी. काहीच आलं नाही. उठताना तिने एवढंच विचारलं, “म्हंजे उद्या फोन नाय येनार?”

“नाही येणार. अगदी निर्धास्त राहा,” नेत्रा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास फोन वाजला. वेणूने तो झडप घालून उचलला. अंबरनाथहून अल्पेश बोलत होता.

“आई, ती एफडी कधी सुटते गं? माझ्या नावावर करून टाकू. तुला आता झेपत नाय.”

“झेपतं. माझ्याच नावावर राहील ती.”

 फोन कानाला धरून वेणू तो आणखी काही विचारतो का याची वाट पाहत राहिली.

“जेवले मी,” शेवटी तिनेच सांगितलं आणि फोन ठेवला.