पत्र्याखालची बुजवलेली फट

चूक माझी होती. पत्रा तापवला उन्हानं, पण बायकोला त्याखाली कोंडलं मी.

घराला लागून आमचं गाडीसाठी बांधलेलं पत्र्याचं गॅरेज आहे. कंपनीतली माझी नोकरी सुटली, मग गाडीही गेली. रिकाम्या गॅरेजात बायकोनं शिलाई मशीन मांडलं आणि तिच्या ब्लाउजांवर घर चालू लागलं. ऐन लग्नसराई मे महिन्यात, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी पत्र्याला बोट लावलं तर फोड यावा.

ती म्हणाली, "बिडकीनहून भाऊ कापसाच्या पऱ्हाट्या आणून टाकतो म्हणतोय पत्र्यावर. आमच्या गोठ्यावर असतात. लई गार राहतं."

"ही कॉलनी आहे, गोठा नाही."

"गोठा नाय व्हय? मग मला म्हशीवानी कशाला बांधलंय इथं?"

आम्ही दोघंही हसलो. पण मला ते लागलं. काम सुटल्यापासून घरात मी केलेलं असं काही नव्हतंच. हे तरी मी करून दाखवणार होतो.

मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, दुकानं पालथी घातली. चमकदार कागद लावलेला जाड फोम परवडेना, म्हणून थर्माकोल आणला आणि पत्र्याला खालून चिकटवला. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभर फट होती. व्हिडिओतला माणूस सांगत होता, बाहेरची हवा आत येऊ देऊ नका. तो एसीच्या खोलीबद्दल बोलत होता, एवढंही मला कळलं नाही. मी ती फट सगळीकडून सिमेंटनं बुजवली.

"आतली गरम हवा जाईल कुठून, अहो?" तिनं विचारलं.

"तू तुझं शिव. हे मी बघतो."

उष्णतेनं गोंद सुटला. थर्माकोलचे तुकडे गिऱ्हाइकांच्या रेशमी कापडावर पडू लागले. ती ते एकेक करून वेचायची. पंखा तीच तापलेली हवा फिरवत राहायचा. पत्र्यावर पाणी मारावं, तर नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. तिनं डोक्यावर ओला पंचा घेतलेला मी पाहिला, दारातून पाहिला आणि परत फिरलो. फट फोडायची म्हणजे आपलं चुकलं हे कबूल करायचं, आणि तेवढं माझ्यानं होईना.

एका दुपारी मशीनचा आवाज थांबला. पाणी पीत असेल, असं वाटून मी पडूनच राहिलो. नंतर जाऊन पाहिलं, तर ती फरशीवर कोसळलेली. अंग भट्टीसारखं, घामाचा थेंब नाही, आणि तोंडानं हुकांबद्दल काहीतरी असंबद्ध.

रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेऊन मी तिला हाका मारत होतो. ती ओळख देत नव्हती. डॉक्टर उष्माघात म्हणाले, आणि रात्र जाऊ द्या म्हणाले.

सकाळी तिनं डोळे उघडले. मला ओळखलं.

"नवरीचं ब्लाउज राहिलं," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. इतक्या वर्षांच्या संसारात हे शब्द मी तिला कधी म्हटले नव्हते.

"तू विचारलं होतंस, हवा जाईल कुठून. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तुला गप्प केलं. नंतर तू भाजत होतीस ते मला दिसत होतं. मी बघितलं आणि निघून गेलो. चुकलो मी. मला माफ कर."