नकाशावर दोन बोटं

आमच्या फुटबॉल क्लबच्या कपाटात कप एकच आहे, तोही उपविजेत्याचा. त्यात सध्या रबरबँड, एक मुकी शिट्टी आणि कुणाच्या तरी बाइकची चावी पडलेली असते. किस्से मात्र विचारू नका. पेण-रोह्याची पोरं गाडीत भरायची, रविवारी पहाटे घाट चढायचा, सोलापूर नाहीतर सांगली गाठायची, मॅच खेळायची आणि सोमवारच्या पहिल्या शिफ्टला परत यायचं, असं काही वर्षं केलं की किस्से सीटखालच्या शेंगांच्या टरफलांसारखे साठतात. झाडून काढले तरी कोपऱ्यात चार राहतातच. मी सांगायला बसतो ते हसत. मध्येच माझा आवाज बसला तर तेवढं सांभाळून घ्या.

मी या क्लबचा मॅनेजर. म्हणजे पेणच्या रामवाडीत माझी पोह्यांची मिल आहे, आणि गाडी, पाणी, चिकटपट्टी व भांडणं ही सगळी खाती माझ्याकडे आहेत. तोंडाने मी फाटका आहे, हे पोरं तुम्हाला आधीच सांगतील.

*

आम्ही राज्य लीगमध्ये आलो तेव्हा आम्हाला कुठल्या विभागात टाकायचं हा प्रश्न निघाला. पुण्याला मीटिंग होती. मुंबई-ठाण्याचा विभाग भरलेला होता. संघटनेचे एक साहेब उठले, भिंतीवरच्या नकाशावर एक बोट पेणवर ठेवलं आणि दुसरं पुण्यावर.

"हे काय, शेजारी शेजारी तर आहात."

मी म्हटलं, "साहेब, त्या दोन बोटांच्या मधे सह्याद्री आहे."

साहेब म्हणाले, "मग एक्सप्रेस वे कशाला बांधलाय?"

झालं. पनवेलची टीम आम्हाला तासाभरावर, ती वेगळ्या विभागात. आमच्या वाट्याला सोलापूर, बार्शी, अकलूज, सांगली, कोल्हापूर. पुणं म्हणजे आमचा फक्त अर्धा रस्ता. वर नियम असा, की वेळेवर मैदानात उतरला नाहीत की वॉकओव्हर, आणि एका सीझनमध्ये दोन वॉकओव्हर झाले की लीगमधून नाव कट. नाव कटलं म्हणजे आमचा क्लबच संपला. कारण आमची निम्मी पोरं रोह्याच्या कंपन्यांत आहेत, आणि त्यांना सुट्टी मिळते ती लीगच्या मॅचसाठी. लीग नाही तर सुट्टी नाही, सुट्टी नाही तर टीम नाही. मी परत येताना लोणावळ्याला चिक्कीसुद्धा घेतली नाही, इतकं डोकं फिरलं होतं.

*

विलास आमचा कॅप्टन. रोह्याजवळच्या खांब गावचा. घरची भातशेती, भातानंतर वाल, आणि त्यावर कंपनीची शिफ्ट. वेळेच्या बाबतीत अगदी कडक माणूस. गाडी चहाला थांबली की हा घड्याळ दाखवत दारात उभा. "चला, उतरलाव कशाला? गाडीत प्या."

एकदा हा सेकंड शिफ्ट करून, दोन तास झोपून, तसाच गाडीत चढला. कोल्हापूरला पोचलो. ड्रेसिंग रूममध्ये याने बॅग उघडली आणि आत बघतच राहिला. आत कंपनीचे सेफ्टी शूज, हेल्मेट आणि कानात घालायचे बोळे. फुटबॉलचे बूट कंपनीच्या लॉकरमध्ये. दोन्ही बॅगा सारख्या, काळ्या.

विलासने सेफ्टी शूजच पायात चढवले. रेफ्रीने खाली वाकून बुटाच्या टोकावर टकटक केलं. आत लोखंड.

"कॅप्टन, हे घालून कुणाला मारायचा विचार आहे?"

त्या दिवशी आमच्याकडे नेमके अकराच होते. शेवटी कोल्हापूरच्या एका राखीव पोराने आपले बूट काढून दिले. आणि दुसऱ्या हाफमध्ये विलासने त्या बुटांनी त्यांच्यावर गोल मारला. मॅच संपल्यावर याने बूट नळाखाली धुतले, पुसले आणि परत करायला गेला. ते पोरगं म्हणालं, "राहू दे दादा. मला कोण खेळवत नाही, बुटांनी तरी गोल बघितला."

 परतताना घाट उतरल्यावर विलास म्हणाला, "त्या पोराचं नाव इचारायचं ऱ्हायलं."

*

एकदा सांगलीवाले आमच्याकडे येणार होते. मॅच शनिवारी दुपारची. दुपार गेली, चार वाजले, टीमचा पत्ता नाही. फोन आला, हायवेच्या कामात अडकलेत, पुढे ट्रक आडवा. आमच्या ग्राउंडला दिवे नाहीत, आणि ग्राउंड म्हणजे तरी काय, भात कापलं की त्या जागेवर आम्ही रोलर फिरवतो.

रेफ्री म्हणाले, वॉकओव्हर घ्या, पूर्ण गुण तुमचे. आम्हाला गुणांची गरज किती होती ते मला माहीत. मी घेऊन टाकणार होतो, खोटं कशाला सांगू?

रेफ्रीने शिट्टी मारायच्या आतच विलास म्हणाला, "नाय. ते कसे येतायत ते आपल्यालाच ठाव हाय."

मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली. सांगलीची पोरं माझ्या मिलमध्ये पोत्यांवर झोपली. सकाळी त्यांना भरपेट पोहे घातले, खोबरं पेरून. आणि त्यांनी आम्हाला तीन गोलने हाणलं. जाताना त्यांचा कोच माझा हात धरून म्हणाला, "दादा, पोहे एक नंबर." मी म्हटलं, पुढच्या वेळी कमी घालीन.

*

संजू आमचा गोलकीपर, पेणचाच. गणपतीच्या कारखान्यात आखणीला. मूर्तीचे डोळे रेखायचं काम, सगळ्यात नाजूक. त्याच्या मालकाने त्याला खेळायला परवानगी दिली ती एका अटीवर: उजवा हात सांभाळायचा. म्हणून संजू सगळं डाव्या हाताने अडवायचा. उजवीकडून बॉल आला तरी अंग वळवून डावा हात पुढे, नाहीतर पाय, नाहीतर छाती. कोच कपाळ बडवायचे. पहिल्या वर्षी समोरच्या कुठल्या टीमच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षी सगळा विभाग आम्हाला उजवीकडूनच मारायला लागला.

मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, हात लाव ना."

"दादा, डोळा चुकला तर मूर्ती परत येते," तो म्हणाला. "गोल काय, व्हतच असतो."

मग बार्शीची मॅच. बरोबरी सुटली असती तर आम्ही विभागात टिकत होतो. शेवटच्या मिनिटाला त्यांचा शॉट, उजव्या कोपऱ्यात, वर. संजूला वळायला वेळच नव्हता. त्याने उजवा हात टाकला. बॉल बारवर लागून बाहेर गेला. आम्ही नाचत त्याच्या अंगावर पडलो, आणि तो खालून ओरडत होता ते आम्हाला आनंदाचं वाटलं.

बोट दोन ठिकाणी मोडलं होतं. जुळलं, पण वाकडं जुळलं. आता तो कारखान्यात पीतांबर रंगवतो. मी भेटायला गेलो तर पिवळा ब्रश घेऊन बसला होता. म्हणाला, "बरं हाय दादा. पीतांबराला हात जरा हालला तरी चालतो." आणि मग विचारलं, "आपन टिकलाव ना?"

टिकलो, म्हटलं. मला तिथे पाच मिनिटं बसवेना.

*

पुढच्या सीझनला पहिला वॉकओव्हर झालाच. सांगलीला निघालो, आणि घाटात टँकर उलटला. पोचलो तेव्हा समोरची टीम मैदानातून बाहेर येत होती. ही तीच पोरं, माझ्या मिलमध्ये झोपलेली. त्यांचा कोच रेफ्रीच्या हातापाया पडला, आम्हाला खेळायचंय म्हणाला. रेफ्री म्हणाले, वॉकओव्हरची शिट्टी झाली, आता माझ्या हातात काही नाही. नियमाप्रमाणे बरोबरच होतं त्यांचं.

आम्ही खेळायचे कपडे घालून तसेच गवतावर बसलो. डबे उघडले. कुणी जेवलं नाही. सांगलीची पोरं येऊन आमच्यात बसली, तीही जेवली नाहीत.

त्यानंतर मी पुण्याच्या इतक्या खेपा घातल्या की ऑफिसचा शिपाई मला लांबून बघूनच पाणी आणायचा. प्रत्येक खेपेला एकच रड: आम्हाला मुंबईच्या विभागात टाका, नाहीतर ही टीम मरते. साहेब बदलले, नकाशा तोच. शेवटी सीझन संपता संपता फोन आला. पुढच्या वर्षीपासून रायगड मुंबईकडे. आता पनवेल, कर्जत, ठाणे. अट एकच, हा सीझन धड पुरा करा. राहिली होती एकच मॅच, सोलापूरची. ती चुकली की दुसरा वॉकओव्हर, आणि मग मुंबई नाही अन् काहीच नाही.

पोरांनी मला खांद्यावर घेतलं. माझ्या मिलमध्ये पेढे वाटले. एकटा मंग्या पेढा हातात धरून उभा होता.

*

मंग्याचं सांगतो. मंगेश, डाव्या बाजूने पळणारा, निडी गावाच्या पलीकडच्या आदिवासी वाडीतला. दिवाळी झाली की ती वाडी रिकामी होते. सगळे वीटभट्ट्यांवर जातात, ते पावसाआधी परततात. मंग्याला कंपनीत कंत्राटावर काम लागलं म्हणून तो मागे राहिला. आई-बाप गेले टेंभुर्णीच्या अलीकडे, सोलापूर हायवेला लागून असलेल्या भट्टीवर. मंग्याला सुट्टी मिळायची ती मॅचची. त्यामुळे सोलापूर, बार्शी, अकलूज, आमची तिकडची मॅच लागली की त्याची आणि आईची भेट. बाकी फोन, तोही मुकादमाच्या मोबाइलवर.

पहिल्या वर्षी आम्ही थांबलो, तर ती बाई लेकाकडे नुसती बघत होती आणि हात चालूच. मातीचा गोळा, साचा, वीट. तिथे मजुरी हजार विटांवर. काल पाडलेल्या विटा आज उन्हाला उलट्या करायच्या, नाहीतर तडकतात. ती उठली की दिवसाचं काम मागे पडणार. मंग्या शेजारी उकिडवा बसून बोलत होता.

तेव्हा संजू गाडीतून उतरला आणि विटा उलट्या करायला लागला. मग दुसरा उतरला, मग सगळेच. मुकादम धावत आला. संजूने त्याला सांगितलं, "वॉर्म-अप करतोय." बाईला अर्धा तास मोकळा मिळाला. लेकाला घेऊन ती झोपडीच्या सावलीला बसली, त्याच्या डोक्याला तेल लावलं. त्यानंतर दरवेळी हेच. सोलापूरच्या पोरांना वाटायचं, हे पेणवाले लाल माती लावून का येतात, काही व्रत असेल.

तर शेवटच्या मॅचला निघालो. मी गाडीत बसतानाच बजावलं होतं, आज कुठेही थांबायचं नाही. पुण्याच्या बाहेर ट्रॅफिकमध्ये तास गेला. विलास घड्याळ बघून बघून वेडा झाला होता. भट्टीचा धूर दिसला. मंग्या खिडकीला लागून बसलेला. गाडीवाल्याने आपणहून गाडी खाली घेतली. विलास म्हणाला, "पाच मिंटं. फकस्त तोंड दाखव आनि ये."

म्हातारी धावत आली. बाप तापाने झोपडीत पडलेला, विटांच्या रांगा तशाच उन्हात. पोरं उतरलीच. तिने मंग्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, हाताची माती त्याच्या गालांना लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, पुढल्या साली कंच्या महिन्यात येनार तुमी? म्हंजे मी त्या दिवशी याला कोंबडी करीन."

मी मंग्याकडे बघितलं. मुंबईचं त्याने तिला सांगितलंच नव्हतं.

मंग्या म्हणाला, "दिवाली झाली की येतंव गो आये."

ती हसली, आणि त्याला घेऊन सावलीला गेली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी विलासजवळ गेलो. म्हटलं, "विलास, आता निघालो नाही तर मॅच गेली. सगळंच गेलं. हाक मार त्याला."

विलासने झोपडीकडे बघितलं. तेलाची बाटली उघडी होती, मंग्या डोळे मिटून बसलेला. विलासने घड्याळ हातातून काढलं आणि खिशात टाकलं.

"दोन रांगा ऱ्हायल्यात दादा," तो म्हणाला आणि खाली वाकला.

मी चपला काढल्या आणि त्याच्या शेजारच्या रांगेत बसलो.